दोन ड्रिल आणि दादाचा अबोला

सोमवार, ३ मार्च

आणलं एकदाचं! महागातलं कॉर्डलेस ड्रिल — दादाला न विचारता. सुतारकामाचा धंदा दोघांचा, मग निम्मा निर्णय माझा. जुन्याच्या तिप्पट किंमत ऐकल्यावर त्याने आधी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि रंधा उचलला. जुनं काय वाईट होतं, एवढंच विचारलं.

काय वाईट होतं! जेवणाच्या सुट्टीआधीच बॅटरी मान टाकते. बिट धरणारा जबडा सैल झालाय, बिट डुलतं. आणि घरघर अशी की शेजारचा शिंपी दार लावून घेतो. स्वस्तात मिळालं म्हणून किती दिवस मिरवायचं?

मंगळवार, ४ मार्च

दोन्ही मशीन घेऊन बसले. एकच फळी, सारखेच स्क्रू. स्वस्तातलं लाकडात शिरताना कण्हतं, मध्येच अडतं, मग अंगाचा भार टाकावा लागतो. नवं सरळ आत जातं. आवाज म्हणजे नुसती बारीक शीळ. पुढे आकड्यांची रिंग आहे — हवा तेवढाच जोर लावून ठेवायचा, स्क्रू बसला की मशीन आपणहून जोर सोडतं. संध्याकाळी मनगट दुखलं नाही, हे तर नवलच!

पण खरं ते लिहायला हवं. जुनं दोनदा शिडीवरून पडलं, तरी चालतंय. नव्याला मात्र मी फडक्यावर ठेवते, पुसते, झाकते. घरात जावई आल्यासारखं चाललंय माझं.

गुरुवार, ६ मार्च

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली कपाटं. दारं दादाकडे, कप्पे माझ्याकडे. जुनं मशीन मी मुद्दाम दुकानातच ठेवलं, म्हणजे त्याला नवं घ्यावंच लागेल. घेतलं. रिंग थेट शेवटच्या आकड्यावर! मी मागून म्हटलं, जोर कमी कर. उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. नाहीच.

अबोला धरलाय.

आमच्या घराण्यात तो वारसाहक्काने येतो. बाबा आणि काका शेजारी बसून जेवायचे आणि एकमेकांकडचं मीठ आईमार्फत मागायचे. दादा त्यांचाच. पण मीही त्यांचीच आहे. दिवसभर मीही तोंड उघडलं नाही.

शुक्रवार, ७ मार्च

अजून तेच. कशातच जीव लागत नाही. एकाच फळीचं माप तीनदा घेतलं.

रविवार, ९ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन — दोन दारं लोंबकळताहेत. धावत गेले. बिजागऱ्यांचे स्क्रू जागच्या जागी फिरतात, लाकडात पकडच उरलेली नाही. एकाचं टोक तर दाराच्या दर्शनी बाजूने बाहेर आलेलं!

दादाने बसवलेल्या दाराला कधी कुणाला परत हात लावावा लागला नाही. म्हणजे हे मुद्दाम. मशीन मी आणलं ना! आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन.

वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, माझ्याशीही हल्ली हूं नाही की चूं नाही. तुम्हा भावंडांच्या भांडणात मी का भरडली जातेय, म्हणाली.

मंगळवार, ११ मार्च

चहाच्या वेळी समोरच बसले त्याच्या. दारांचं काय झालं ते सांग, म्हटलं. कपात बघत म्हणाला, "जुनं मशीन सांगतं मला. स्क्रू बसला की त्याचा आवाज जड होतो, मी थांबतो. तुझं काही सांगतच नाही."

म्हणजे खापर मशीनच्या डोक्यावर! नव्याचाही सूर उतरतो, मला चांगला कळतो. तसं म्हटलंही. तो कसनुसं हसला आणि कप विसळायला उठला. असा राग आला! चूक झाली म्हणाला असता तर मी दोन्ही दारं एकटीने बदलून दिली असती.

बुधवार, १२ मार्च

ठरलं. वेगळं व्हायचं. जुनं मशीन त्याला, नवं मला. दुकान त्यालाच राहू दे.

रंधा धरायला त्यानेच शिकवलं मला. हे लिहिलं आणि रडू आलं. पण पाठ फिरवलेल्या माणसाशेजारी रोज उभं राहायचं, हे आता नाही जमत.

शुक्रवार, १४ मार्च

दुकानात गेले. दादा पाठमोरा, फळीवर पेन्सिलीने खुणा करत होता. दारातूनच म्हटलं, "दादा, मला वेगळं व्हायचंय."

वळला नाही. आत जाऊन पुन्हा म्हटलं. पेन्सिल चालूच. डोकंच फिरलं माझं — नवं मशीन उचललं, त्याच्या कानामागे नेलं आणि खटका पूर्ण दाबला.

त्याने खूण केली. फळी पुढे सरकवली. आणखी एक खूण केली.

मशीन खाली ठेवलं आणि वळसा घालून त्याच्या समोर उभी राहिले. तो केवढ्याने दचकला!

"कधी आलीस? हाक तरी मारायचीस."