बिजागरीचे दात

कर्वेनगर, पुणे
११ ऑगस्ट

चि. मैना हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. पत्र अशासाठी, की व्हॉट्सअ‍ॅपवर तू अंगठा दाखवून मोकळी होतेस.

चार दिवस राहून माझं घर आवरून गेलीस, आभार. यांचे शिंपले दोन डब्यांतून काढून एकाच काचेच्या वाडग्यात ओतलेस. वर नेलपॉलिश फासलंस, चकाकी यावी म्हणून! आतले शाईचे आकडे डाग समजून घासलेस. येताना एवढी मोठी बॅग आणलीस, थोडी अक्कलही मावली असती.

"अगं ताई, शिंपला तो शिंपला. दोन डबे कशाला अडवायचे?"

जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलेल्या माणसाच्या घरात हे बोलतेस! येरवड्याच्या पुलाखाली गुडघाभर चिखलात उभं राहून वेचलेत ते. दोन्ही जाती एकाच चिखलातल्या. एकीच्या कडेला पिवळसर पट्टा असतो, पण तो झिजतो. खरी खूण आत, दोन झाकणं जुळतात तिथल्या बिजागरीच्या दातांत. तिथे बोट फिरवायचं.

शाळेत सिस्टर आपल्याला जुळ्यांना रिबिनींवरून ओळखायच्या, आठवतं? तू रिबिनी बदलायचीस, कोपऱ्यात उभी मी राहायचे. आणि तू खिडकीतून चिंच दाखवायचीस. किती हसायचो गं.

काल यांनी वाडगं पाहिलं. "हे कोणी केलं?" तुझं नाव मी घेतलं नाही.

एक तुला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात डॉक्टरांपुढे यांना घड्याळाचं चित्र काढता आलं नाही. म्हणून काल मी दारातच थांबले. शिंपल्यांची ओळखही गेली असली तर?

हे डोळे मिटून एकेक शिंपला हातात घेत होते. आत बोट, मग या ढिगात किंवा त्या. मध्येच वास घेऊन म्हणाले, "कुणा गाढवाचं काम आहे!" म्हटलं, माणूस शाबूत आहे.

संध्याकाळी दोन ढीग झाले. मी स्वतः बोट फिरवून पाहिलं, एकही चुकला नव्हता. मला रडू फुटलं.

यांनी वर पाहिलं. हसून म्हणाले, "रडतेस काय, मैना? जा, हेमाला सांग, झालं म्हणावं."

मी म्हणाले, "सांगते, भावोजी."

दिवाळीला ये. काही आवरू नकोस. फक्त यांच्यासमोर मला ताई म्हणून हाक मार. मोठ्याने.

तुझी ताई,
हेमा