शिवणाच्या डब्यातलं सोनेरी कापड

अफगाणिस्तानातून,

प्रिय आई,

मी धडधाकट आहे. तुझी कंबर कशी आहे?

आम्हा अमेरिकन सैनिकांना मारणाऱ्याला एक परका देश बक्षीस देतो, हे तिकडे कळलंच असेल. आपले राष्ट्राध्यक्ष म्हणतात, "मला कुणी सांगितलंच नाही." बाबांना ते पटतं, आपल्या लोर्नाला नाही. बापलेकीचा अबोला सुटला का?

माझ्या तुकडीतला टॉलिव्हर गेला. मुलगा सैन्यात म्हणून खिडकीत लावलेल्या निळ्या ताऱ्यावर त्याच्या आईने रिवाजाप्रमाणे, तो गेल्याचा सोनेरी तारा शिवला, तेव्हा दोन्ही पक्षांचे पुढारी फोटोसाठी दारात हजर झाले. तो जिवंत असताना कुणी फिरकलं नव्हतं.

लोर्नाने लिहिलंय, तुझ्या शिवणाच्या डब्यातही सोनेरी कापड आहे. मी रागावलो नाही. फक्त ते एकदा बाबांना दाखव. कोल्बी म्हणतो म्हणावं, माझ्या जिवावर बक्षीस आहे हे मलाही कुणी सांगितलं नव्हतं.

तुझा, अजून निळा,
कोल्बी