एकदाच फुलणारा माड

६ नोव्हेंबर १९८६, दाभोळ
पोचलो एकदाचा! खेडहून एस.टी.त झाडांचे नमुने दाबायच्या टीपकागदांचे गठ्ठे मांडीवर घेऊन आलो. शेजारच्या बाईने पापड आहेत का, म्हणून विचारलं. हुसेनभाईंच्या माडीवर खोली मिळाली आहे. खिडकीतून खाडीचं तोंड आणि त्यापलीकडे धाकटं बेट दिसतं. ज्या माडासाठी मी पुण्याहून आलो, तो जगात फक्त तिथेच उगवतो, आणि त्याला अजून शास्त्रीय नाव नाही. संध्याकाळी आसियाबाईंनी बांगड्याचं कालवण वाढलं. नवराबायको दोघंच राहतात. भिंतीवर एका हसऱ्या तरुणाचा फोटो आहे. तो फारुक, त्यांचा एकुलता एक. तीन वर्षांपूर्वी त्याचं दुबईकडे जाणारं गलबत बुडालं, मयत मिळालं नाही. हुसेनभाईंनी हे सगळं ताटाकडे बघत सांगितलं.

९ नोव्हेंबर
बेटावर जाऊन आलो. माड मोजकेच आहेत. पानं श्रीताडासारखी, पंख्याच्या आकाराची. पण देठाला काटे नाहीत आणि खोडावर मऊ तपकिरी लव आहे. श्रीताडाच्याच प्रजातीतला की वेगळाच, हे फुलाशिवाय ठरणार नाही. आणि हा माड आयुष्यात एकदाच फुलतो, मग मरतो. माझं नशीब असं की एकाच्या शेंड्यातून पोय, म्हणजे फुलोरा, वर येते आहे! आसियाबाई सोबत होत्या. त्यांनी नेमक्या त्याच माडाच्या बुंध्याशी कळशीभर गोडं पाणी ओतलं आणि खोडाला गाल लावून उभ्या राहिल्या. परतताना होडी वल्हवत हुसेनभाई सांगत होते, ज्यांचं मयत सापडत नाही ते इथे उगवतात. हा माड तीन वर्षांपूर्वी नव्हता. पानांच्या वणांवरून झाड चाळीस वर्षांचं तरी वाटतं. मी वाद घातला नाही.

२० नोव्हेंबर
फुलून फळं धरेपर्यंत वर्ष जाईल. माझी रजा तेवढी नाही. पोय आताच कापावी लागणार, असं आसियाबाईंना सांगितलं. त्यांनी हातातली कळशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आपटेसाहेब, तो माजो फारुक हाय. फुलू द्या त्याला. फुलला की सुटंल."
मला वाईट वाटलं. या जातीला फारुकचंच नाव देईन, जगभरच्या पुस्तकांत ते छापलं जाईल, असं मी म्हणालो.
"नाव हाय त्याला," म्हणाल्या आणि आत गेल्या.

२४ नोव्हेंबर
कापली. हुसेनभाई आले नाहीत. वरच्या वाडीतला महिपत चढला. कोयता बसला तसं खोडातून पाणी वाहू लागलं, थांबेचना. बोट लावून चाखलं. समुद्राचं पाणी. धक्क्यावर आसियाबाई उभ्या होत्या. त्यांनी पोय माझ्याकडून घेतली, पदरात गुंडाळली, मांडीवर घेऊन बसल्या. रडल्या नाहीत. दिवेलागणीला स्वतःच माडीवर आणून ठेवली.

२७ नोव्हेंबर
कळ्या सुकत नाहीत. टीपकागद बदलतो, तेही ओले होतात. एक कळी चिरून पाहिली. आत पुंकेसर नाहीत, बीजांड नाही. बारीक, गुलाबीसर— नखं. माणसाची. सगळ्या कळ्यांत तेच. हे कोणत्या प्रजातीत घालू?

१ डिसेंबर
पायांवर तपकिरी लव आली आहे. डॉक्टरांनी मलम दिलं. जेवण उतरत नाही, नुसती तहान. आज आसियाबाईंनी ताट ठेवलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "फारुक, जेव." त्या दचकल्या. पण त्याआधी मी— मी ओ दिली होती.

४ डिसेंबर
गलबत आठवतं. डिझेलचा वास, भिजलेला दोर. मी जन्मात गलबतावर चढलेलो नाही. बेटावर नेण्याची विनंती केली. हुसेनभाईंनी कारण विचारलं नाही. वल्हवताना त्यांचे डोळे वाहत होते.

बेट
तारीख माहीत नाही. कापलेला माड आडवा झाला आहे. त्याच्या जागी मी उभा आहे. पाय उचलत नाहीत. पुण्याचा पत्ता आठवत नाही, बायकोचा चेहरा— आसियाबाई आल्या होत्या. गाल टेकला. खूप बोलायचं होतं, आवाज फुटला नाही. बोटं ताठरताहेत. तोवर लिहितो—

अम्मा, गलबत बुडालं तेव्हा फळी एकच होती. माझ्याबरोबरच्या रघूला पोहता येत नव्हतं, त्याला दिली. तू रागवू नको. पाणी गार होतं, पण आभाळ उजळत होतं, आणि मी तुलाच हाक—