‘म्हणे’ म्हणजे कोण?

आई, परवा सांगलीत माझ्या वर्गाला अफवेचे शब्द शिकवत होते. कंडी पिकते, आवई उठते, वावड्या उडतात. फळ्यावर लिहिता लिहिता हात थांबला. तुला यातलं काही ठाऊक नसावं. तुझ्यापाशी एकच शब्द होता, ‘म्हणे’, आणि त्याच्यावर तुझा भारी राग.

विट्याजवळच्या आपल्या गावातली तुझी पिठाची गिरण मला अजून दिसते. दळणाचे डबे ओळीत ठेवून बायका बोलत बसल्यात. शेजारच्या वहिनींचा नवरा परमुलखात सोनं गाळायच्या दुकानात कामाला, दोन महिने त्याचा फोन नाही. त्यानं तिकडं दुसरं घर केलं म्हणे. एका बाईच्या हातनं घास खाताना दिसला म्हणे. वहिनींनी माहेरी जायला पिशवी भरलेली. त्या दळण न्यायला आल्या आणि सगळ्या आपापले डबे सारखे करू लागल्या.

तू गिरण बंद केलीस. पट्टा थांबला तशी म्हणालीस, “म्हणे म्हंजी कोण म्हणे? डोळ्यानं कुणी बघितलं?”

“आवं काकू, समद्याच म्हणत्यात.”

“समद्या न्हाई. एकीचं नाव सांगा.”

जी ती शेजारणीकडं बघू लागली. पिठाच्या हातानं तू वहिनींचं मनगट धरलंस. “चल पोरी, त्यालाच इचारू.” घरी येऊन त्याच्या दुकानमालकाला फोन लावलास आणि ऐकता ऐकता वहिनींना जवळ ओढलंस. मला वाटलं, खरंच असणार सगळं. पण ॲसिड सांडून त्याचे दोन्ही हात भाजले होते. घरी घोर लागू नये म्हणून त्यानं कळवलं नव्हतं. घास भरवणारी बाई दवाखान्यातली आया होती. गावापर्यंत येताना गोष्टीतून दवाखाना तेवढा गळाला होता. त्याच संध्याकाळी वहिनी पिशवी घेऊन निघाल्या, नवऱ्याकडं. दुसऱ्या दिवशी तू गिरण नेहमीच्या वेळी सुरू केलीस आणि त्याच बायकांना हसून म्हणालीस, “बसा, दळण हाय तवर बोला की.” तुझा हा मोठेपणा मला कधी जमला नाही.

वर्गाला मी हे सगळं अभिमानानं सांगितलं. एक तेवढं सांगितलं नाही. ती गोष्ट मीही नळावर दोघींना सांगितली होती, आणि त्या बाईला दोन पोरं आहेत हे माझ्या पदरचं घातलं होतं. तू नाव विचारलंस तेव्हा मी गिरणीच्या कोपऱ्यात मान खाली घालून उगाच पीठ चाळत राहिले. तू असतीस, तर हे पत्र मी तुझ्या हाती पडू दिलं नसतं.