उल्हास नदीचं सोनं

८ जानेवारी २००६, रविवार
कांबळ्यांनी आज नदीवर नेलंच. अंबरनाथचा कारखाना बंद पडल्यापासून या गृहस्थाला सगळे वार सारखे, तरी जायचं ते रविवारीच. "सुट्टीचा मूड वेगळा असतो, पंडित." मी संस्कृत शिकलो, या अपराधाबद्दल शेजारी आल्यापासून मला पंडित म्हणतात. बरोबर एक परात, एक कढई, जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक. बेत: सोनं काढणे. कुठल्याशा परदेशातले हौशी लोक नदीत परात फिरवून सोनं काढतात, असं टीव्हीवर पाहिलं. आपल्याकडे जुलैच्या पुराने एवढी नवी वाळू आणून टाकली, तिच्यात का नसावं, असा सिद्धान्त. खंडन सुचलं, केलं नाही.
का गेलो? घरी बसून तरी काय. सुमनला जाऊन तीन महिने होऊन गेले. लोक विचारतात, कसे आहात. दुखत नाही, असं खरं उत्तर आहे, पण ते कोणाला आवडायचं नाही. दाताला भूल दिली की गाल आपलाच असतो नि वाटतो शेजाऱ्याचा. तसं काहीतरी.
सोनं: शून्य. पाय गार.

१५ जाने.
सकाळी पेपरला पाणीटंचाईची बातमी पाठवली; त्यांचा इथला वार्ताहर मीच. गेल्या वर्षीचीच, तारीख बदलून. मग नदी.
पद्धत अशी: परातीत वाळू नि पाणी घ्यायचं, गोल फिरवायचं, वरचं हलकं सांडू द्यायचं. तळाला काळी वाळू उरते. ती वाळवून चुंबक फिरवला की बरीचशी चिकटून निघून जाते. राहील ते आपलं. आज काही राहिलं नाही. पण हात फिरत असतात तोवर डोकं गप्प असतं. एवढ्यासाठी लोक संन्यास घेतात.

२२ जाने.
मिळालं!
कांबळे एवढ्या जोरात ओरडले की पलीकडे धुणं धुणाऱ्या बाया उभ्या राहिल्या. मोहरीहून बारीक कण. मग आणखी. मग एक जरा मोठा. सुमनच्या होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली होती, तिच्यात ठेवले.
मी म्हटलं, "बातमी देतो. बदलापुरात सोन्याची खाण."
"काही देऊ नका. उद्या अख्खा हेंद्रेपाडा परात घेऊन येईल."
मला आनंद व्हायला हवा होता. कांबळ्यांना झाला, तो दोघांना पुरला.

५ फेब्रु.
पुण्याहून मैत्रेयीचा फोन. सातवा संपत आलाय. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरी आता मी एकटा नि मला वरणभाताच्या पुढे येत नाही, त्यामुळे सासरीच. यावर आम्ही दोघंही बोलत नाही. बोलायला काही हवं म्हणून सोन्याचं सांगितलं. हसली. सुमन गेल्यानंतर पहिल्यांदा.
"बाबा, तुम्ही? परात घेऊन? ते सोनं मला हवं. बाळाच्या पहिल्या मधात घालायला."
जन्मलेल्या बाळाच्या ओठाला सोनं बुडवलेला मध लावतात, ते. म्हटलं, देतो. पोरीला देण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

११ फेब्रु.
कांबळ्यांच्या ओळखीचे एक सिंधी सोनार, उल्हासनगरला. खरं आहे का बघायला गेलो. कसाला लावलं. खरं. कांबळ्यांनी माझ्या पाठीत असा काही गुद्दा घातला की चहा सांडला. मग सोनारांनी डोळ्याला भिंग लावलं.
"कांबळे साईं, ये नदी में मिला? नदी का माल चपटा होता है. ये तो जेवर था. आग में गया हुआ है. ये बडावाला देखो, मणी है. छेद दिखता है?"
दिसलं. अर्धं बुजलेलं.
परतताना कांबळ्यांचा नवा सिद्धान्त: पुरात वाहून गेलेल्या घरांमधले दागिने.
"पुरात आग कुठली हो?"
"शॉर्टसर्किट."

१२ फेब्रु.
नदी. नेहमीची जागा. वरच्या वळणाआडून माणसं आली. पुढच्याचं डोकं नुकतंच भादरलेलं, हातात पांढऱ्या फडक्याचं गाठोडं. त्यांनी राख सोडली. राखाडी तवंग सावकाश खाली आला, माझ्या परातीला वळसा घालून गेला.
वळणाआड स्मशान आहे. मला ठाऊक आहे. बदलापुरात कोणाला ठाऊक नाही?
हिरण्यशकल. मृताच्या मुखात सोन्याचा तुकडा. हा विधी मी एके काळी शिकवण्यांमध्ये पोरांकडून घोकून घेतलाय. एवढे रविवार परात फिरवली, शब्द आठवला नाही. विद्वान.
कांबळ्यांना सांगितलं. त्यांनी कढई पालथी केली. मग म्हणाले, "आमच्यात नाही ठेवत." थोड्या वेळाने, "म्हणजे आपण लोकांच्या तोंडातलं काढत होतो, पंडित?"
"तसंच दिसतंय."
सुमनला इथेच नेलं होतं. हेही ठाऊक होतं. मनात काही हलतंय का पाहिलं. चपलेत खडा गेला होता, तो काढला.

१३ फेब्रु.
कांबळे सकाळीच दारात. आत येईनात.
"बाटली सोडून देऊ नदीत. ज्याचं त्याला."
"कोणाकोणाला?"
"ते मला नका विचारू. तुमच्यातलं आहे ते."
"पोरीला कबूल केलंय."
"मग पोरीला सांगा, कुठलं आहे ते. न सांगता देऊ नका. एवढंच सांगतो." गेले. शेवटच्या वाक्यात पंडित नव्हतं.

१९ फेब्रु.
सांगितलं. फोनवर, कारण समोरासमोर जमलं नसतं. मला वाटलं, शी म्हणेल.
"बाबा, आईच्या तोंडात ठेवलं होतं?"
आठवेना. खरंच. त्या दिवसातलं काहीच हाताला लागत नाही. भटजी कोण होते, तेसुद्धा.
"बघतो," म्हणालो. वीजबिल भरलं का विचारल्यासारखं.

२१ फेब्रु.
अंबरनाथला अक्कांकडे. सुमनची थोरली बहीण. भारनियमन चालू, अक्का पुठ्ठ्याने वारा घेत बसलेल्या. आडून आडून विचारणार होतो, त्यांनी आधीच ओळखलं.
"मणी होता. तिच्या मंगळसूत्रातला. मीच तोडून दिला."
"कोणाला?"
हातातला पुठ्ठा थांबला. "अहो माधवराव, तुम्हाला. तुम्हीच ठेवलात की तिच्या तोंडात. आम्ही सगळ्या बघत होतो."
मग वीज आली. अक्कांनी पोहे केले. खाल्ले.

२२ फेब्रु.
मैत्रेयीला कळवलं. "हो. मीच ठेवला होता म्हणे."
"म्हणे?"
"मला आठवत नाही गं."
"मला त्या दिवसातल्या फक्त चपला आठवतात. दारातल्या. किती लोकांच्या." मग, "घेऊन या ते, बाबा."
"त्यात तिचं असेलच असं नाही. अर्ध्या बदलापूरचं असेल."
"असू दे."
"तुझ्या सासूबाईंना कळलं तर?"
"मी सांगणार नाही. तुम्हीही सांगू नका."
हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

५ मार्च
नदीवर जाणं बंद. परात कांबळेवहिनींनी पापड वाळवायला नेली.
शास्त्राची अडचण नाही. सोन्याला विटाळ चिकटत नाही, पाण्याने धुतलं की शुद्ध, हे तर आगीतूनही गेलंय. कोणीही पंडित निकाल देईल. अडचण माझी आहे. मेलेल्याच्या तोंडातलं, ते जन्मलेल्याच्या? नि मोठ्या कणाला छेद आहे. मंगळसूत्र काय एकट्या सुमनचंच तुटलं होतं? रोज बाटली उजेडात धरतो. मणी मण्यासारखा दिसतो.

१३ एप्रिल
मुलगी झाली. दोघी छान. कांबळे पेढे घेऊन आले, म्हणजे माझ्या वतीने त्यांनीच आणले. "उद्या जयंती आहे, नाहीतर आलो असतो पुण्याला." बाटलीचं विचारलं नाही. जिना उतरताना थांबले. "पंडित, पोरीचं ऐका."

१४ एप्रिल, पुणे
विहीणबाई मधाची वाटी घेऊन तयार. "डॉक्टर नको म्हणतात, पण नुसतं ओठाला लावायचं. आजोबांनी स्वतः काढलेलं सोनं म्हणून थांबलोय."
मैत्रेयी माझ्याकडे बघत राहिली.
तेवढ्यात बाळाने जांभई दिली. एवढंसं तोंड, आत सगळं गुलाबी. नि माझ्या अंगठ्याला आठवलं. सुमनचं तोंड उघडत नव्हतं. मी हनुवटी धरली होती. "उघड बघू," म्हणालो होतो, तिला गोळ्या देताना म्हणायचो तसं. दातांना लागून मण्याचा आवाज झाला. बारीक. मग मी तिचे ओठ मिटले, नि पुसले. धोतराच्या सोग्याने.
विहीणबाई म्हणत होत्या, "आणलंय ना?"
"आणलंय."
बूच निघेना. मैत्रेयीने माझ्या हातून बाटली घेतली नि माझा हात धरून ठेवला. सासूबाईंना म्हणाली, "आई, जरा थांबाल? बाबांना पाणी द्या आधी."
आता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितोय. अक्षर वाचता येईल की नाही, शंका आहे. आत वाटी झाकून ठेवलीय. बाटली मैत्रेयीच्या उशाशी, बूच लागलेलं. बाळ रडतंय, नि आतून विचारतायत, आजोबा कुठे गेले.