शिडीने उतर

कारागांदा, शुक्रवार, २ फेब्रुवारी

चि. मर्जान, माझ्या उंटिणीच्या पिल्ला,

आईचे पोटभर आशीर्वाद. अल्लाच्या कृपेने मी, बाबा आणि रबिगा आत्या तिघंही ठीक आहोत. पार्सल सात नंबरच्या डब्यावरच्या बाईकडे दिलं आहे. अल्माटीच्या फलाटावर तिला गाठ आणि चहा पाज. पैसे देऊ नकोस, ते मी इथेच दिले. वरच्या पुडक्यात वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या आहेत, खाली घोड्याच्या मांसाचं सॉसेज. ते खिडकीबाहेर गारठ्यात टांग आणि एकटीच बसून संपवू नकोस, खोलीतल्या मुलींना दे. बांधलेली दोरी मात्र फेकू नकोस, परत पाठव. चांगली आहे.

आज शुक्रवार म्हणून आजीच्या नावाने सात पोळ्या तळल्या आणि शेजारी वाटल्या. खालच्या मजल्यावरच्या झैनेने पोळी घेता घेता विचारलं, पोरगी लग्न करणार की पाण्यातच राहणार? बाबा म्हणाले, "पाण्यात मासळी राहते, झैने. आमची नुसती आत जाते आणि लगेच बाहेर येते. एवढ्याशासाठी सरकार तिला जेवू घालतं." झैनेला ते पटलं असावं, कारण तिने दुसरी पोळीही घेतली.

मंगळवारी तुझ्या इथल्या तलावावरच्या तमाराबाई येऊन गेल्या. सहजच. तुला शिकवलेल्या सगळ्या गोष्टी आठवत बसल्या होत्या. कमरेला पट्टा बांधून, दोन्ही बाजूंनी दोऱ्या धरून त्या तुला हवेत कोलांट्या घ्यायला लावायच्या आणि तू वरूनच ओरडायचीस, सोडा, सोडा. वाडग्यावर वाडगा चहा प्यायल्या. जर्दाळूचा मुरंबा मात्र तसाच ठेवला. त्यांनी मुरंबा ठेवला असं कधी झालं नव्हतं.

एक विचारायचं होतं. नववर्षाला आलीस तेव्हा चहा तू ओतत होतीस. बाबांचा वाडगा चुकला आणि धार खाली अंथरलेल्या दस्तरखानाच्या कापडावर पडली. बाबा म्हणाले, अल्माटीत चहा जमिनीवर ओततात वाटतं. तू हसलीस, आम्हीही हसलो. डाग निघाला, त्याचं काही नाही. सुईत दोरा ओवताना मान वाकडी करतेस का गं अलीकडे? उत्तराची घाई नाही.

तुझी आई
कुल्याश


कारागांदा, १६ फेब्रुवारी

चि. मर्जान,

आशीर्वाद. दोरी मिळाली.

फोनवर तू "बरं आहे" म्हणतेस आणि लगेच "बाबांना दे" म्हणतेस. कागदाला तसं सांगता येत नाही, म्हणून लिहिते. नमाज पढून बसले आहे, तेव्हा रागाने लिहिते आहे असं समजू नकोस.

तमाराबाई सहज आल्या नव्हत्या. तुझ्या उजव्या डोळ्याचा आतला पडदा सुटायला लागला आहे. डॉक्टरांनी किरणांनी तो तात्पुरता चिकटवला आणि बजावलं, की पाण्याचा मार आणखी बसला तर डोळा जाईल. हे संघात कोणाला माहीत नाही आणि तू मार्चच्या निवड स्पर्धेत उतरणार आहेस. फक्त बाईंना सांगितलंस, आणि त्यांनी नको म्हटल्यावर त्यांचा फोन घेणं बंद केलंस. बाई माझ्या स्वयंपाकघरात रडल्या. इतकी वर्षं मी त्यांना फक्त ओरडताना पाहिलं होतं.

मला कळतं गं. मॅट्रिकपर्यंतच शिकले, पण हिशेब कळतो. गेल्या वेळी ऑलिम्पिकचा संघ थोडक्यात हुकला. आता तू सत्तावीस वर्षांची आहेस, पुढची वेळ नाही. उडीच्या फळीखालचं चाक पायाने सरकवत तू तिची उसळी जमवतेस, तेव्हा तुझ्या तोंडावर जे असतं ते दुसरं काही करताना मी पाहिलेलं नाही. ते तुझ्याकडून मागून घ्यायला माझी जीभ वळत नाही. म्हणून फिरून फिरून लिहिते आहे.

तुझा पहिला दिवस आठवतो? सात वर्षांची होतीस. फळीच्या टोकापर्यंत गेलीस, खाली पाहिलंस आणि शिडीकडे वळलीस. तुमच्या तलावाची रीत अशी, की जो शिडीने उतरेल त्याच्यासाठी बाकीच्यांनी चपला हातात घेऊन फरशीवर आपटायच्या. ही रीत तमाराबाईंनीच पाडलेली, पोरांनी माघार घेऊ नये म्हणून. सगळा तलाव दणाणला. तू परत फिरलीस आणि डोळे मिटून उडी टाकलीस. त्यानंतर तू कधी शिडी उतरल्याचं मला आठवत नाही.

माझं मात्र वरच्या बाकावर बसून काय व्हायचं ते तुला सांगितलेलं नाही. तू फळीवरून सुटलीस की मी दुआ म्हणायला लागते. ती कधी पूर्ण होत नाही. अर्ध्यावर येते तोच तू पाण्यात असतेस. मग तुझं डोकं वर आलं की उरलेली अर्धी आभार म्हणून म्हणते. तुझी सगळी पदकं अशी अर्ध्या दुआंवर आलेली आहेत.

आणखी एक. तू पहिली पावलं टाकलीस तेव्हा आपल्या रीतीने पायांत बांधलेली काळी-पांढरी दोरी कापायला चपळ बाई हवी, मूल तिच्याच चालीवर जातं, असं सगळ्यांचं म्हणणं. मी रबिगा आत्यांना बोलावलं. झैने सगळ्यांदेखत म्हणाली, लंगड्या बाईच्या हातून दोरी कापली, पोरगी जन्मभर पडत राहील. बाबा म्हणाले, बरं झालं, निदान नीट पडायला शिकेल. तसंच झालं, नाही का? पण मी आत्यांना का बोलावलं ते कोणी विचारलं नाही. ही बाई पाऊल टाकण्याआधी जमीन बघते. घाईने टाकलेलं पाऊल मी त्यांचं कधी पाहिलं नाही. मला तुझ्यात ते हवं होतं.

तेव्हा आता मागते. मर्जान, शिडीने उतर. चपला वाजल्या तर वाजू देत.

आम्ही तिघं स्पर्धेला येतो आहोत. तू वरून कशीही आलीस तरी मी खाली असेन. दोरी कापल्यावर तुला ज्या पांढऱ्या कापडावरून चालवलं होतं ते पेटीत आहे. बरोबर आणते आहे.

तुझी आई


कारागांदा, २० मार्च

माझ्या पिल्ला,

डोळ्यावरची पट्टी सुटेपर्यंत हे उघडू नकोस. पत्र कुठे जात नाही. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अल्लाचे उपकार. नवरोजची खीर तुझ्या वाट्याची बाजूला काढते आहे, बाबांपासून लपवून.

"येऊ नका, आमच्यात शिडीने कोणी उतरत नाही," असं तू फोनवर म्हणाली होतीस. तरी आम्ही आलो. त्यावर पुन्हा बोलणं नको. पण शिडी उतरताना माणसाची पाठ लोकांकडे असते. तुला जे दिसलं नाही ते तुला कळायला हवं, म्हणून लिहिते.

पहिल्याच फेरीत तुझं नाव पुकारलं. तू टोकाला गेलीस, पाण्याकडे पाठ करून, टाचा बाहेर ठेवून उभी राहिलीस. हात वर नेलेस. मी दुआ सुरू केली. मग तुझे हात खाली आले आणि तू फळीवरून चालत शिडीकडे आलीस.

मागच्या रांगेतला एक गृहस्थ म्हणाला, घाबरली बिचारी. रबिगा आत्या कठड्याला धरून आधीच एकेक पायरी उतरायला लागल्या होत्या. तिथूनच वळून म्हणाल्या, "सोपं वाटतं का उतरणं? घे माझा पाय आणि दाखव हा जिना उतरून." गृहस्थाने टोपी नीट केली. बाबांनी आपली टोपी तोंडावर धरली होती. का ते मी विचारलं नाही, खाली गेले आणि शिडीच्या पायथ्याशी ते पांढरं कापड पसरलं.

खाली आपल्या कारागांद्याच्या मुली ओळीने बसल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या पोरीचा हात सवयीने चपलेकडे गेला. तिने ती उचललीसुद्धा. तमाराबाईंनी ती तिच्या हातातून काढून घेतली, दुसरीही पायातून काढायला लावली आणि दोन्ही आणून मी पसरलेल्या कापडाच्या टोकाशी नीट जोडीने ठेवल्या. पहारेकरीण मला बुटांसकट तलावाच्या काठावर येऊ देत नव्हती, म्हणून मी मोज्यांवर उभी होते. कापडावरून चालून गेल्यावर तू पायांत सरकवल्यास त्या चपला त्या पोरीच्या होत्या. तुझ्या टाचा बाहेर राहिल्या होत्या, तुला कळलंही नाही. परत करायच्या आहेत, विसरू नकोस.

गाडीत बाबा म्हणाले, पडायला शिकली होतीच, आता उतरायला शिकली, शिक्षण पूर्ण झालं. मग खिडकीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं.

पुढे काय करशील ते तुझं तू ठरव. तमाराबाईंना दोरी धरायला दुसरे हात हवे आहेत असं त्या म्हणाल्या. मी फक्त निरोप पोचवला.

कापड गच्चीवर वाळत घातलं होतं. पाण्याची पावलं, वाळली की काही राहत नाही. तरी मी ते न धुताच घडी करून ठेवलं आहे.

एवढंच सांगायचं राहिलं. शिडीला पायऱ्या थोड्याच होत्या, पण तू जमीन बघत, सावकाश उतरलीस. माझी दुआ पूर्ण झाली, वर आमीन म्हणून झालं, आणि तरी तुझा पाय अजून शेवटच्या पायरीवर होता.

तेवढा वेळ दिलास म्हणून तुझी ऋणी,
आई