कानबाईचं दळण

चिंचखेडे, ता. साक्री
२९ जून २०२५

ती. सौ. ज्योत्स्नाअक्का यांस,
दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. टायफॉइडनं तुमचे कान नेले, पण अक्षर तसंच टपोरं ठेवलं, हे बरं झालं. फोनवर ओरडण्यापेक्षा मला हेच आवडतं. शिवाय फोन मोठ्या भाऊजींच्या खिशात असतो आणि पत्र तुमच्या उशाखाली, त्यामुळे मनात येईल ते लिहिता येतं.

मोठी बातमी अशी की आमच्या बचत गटाची पिठाची गिरणी एकदाची सुरू झाली आणि ती चालवायचं काम माझ्याकडे आलं. नवीन वारले आणि मी विधवा होऊन तुमच्या घरून माहेरी आले, त्याला आता तीन वर्षं होतील. इतके दिवस भावाच्या, नवलच्या घरात मी धड पाहुणी नव्हते आणि धड घरचीही नव्हते. भावजय म्हणून मेघा वाईट नाही. पण मला वाढताना तिचा हात जरासा थांबतो आणि तो मला दरवेळी दिसतो. आता गिरणीमागची खोली माझी आहे. एकटीच राहते. चूल एकटीची असली की भाजीला चव लागत नाही, पण ती माझी मी खाते.

गिरणी चालू असली की इथं सगळेच तुमच्यासारखे असतात, कुणाला काही ऐकू येत नाही आणि बायका हातवारे करून सगळ्या गावाच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात. पूर्वी त्या डोक्यावर डबे घेऊन पलीकडच्या गावी जायच्या आणि त्यात मजुरीचा अर्धा दिवस बुडायचा. आता सकाळी दळण टाकून निंदायला जातात आणि येताना पीठ घेऊन जातात. तीन-चार जणींनी त्या वाचलेल्या वेळात शेळ्या पाळायला घेतल्यात.

एक काळजी आहे. श्रावणात कानबाई देवी बसेल. त्या रविवारी घरोघरचे, देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू धुतलेल्या गिरणीत दळायचे असतात. ज्या गिरणीत कानबाईचं दळण, तिथंच वर्षाचं दळण, असं इथं मानतात. म्हणजे गिरणीचं सगळं त्या एका दिवसावर आहे. परवा आमच्या गटाच्या अध्यक्ष लताबाई आल्या होत्या. गल्लीतले वडीलधारे वनाआबा यांनी त्यांच्याकडे निरोप दिला की रोटाच्या पिठाला विधवेचा हात लागू नये, त्या दिवशी किल्ली लताबाईंकडे द्यावी आणि मी खोलीत बसावं. आबा हात जोडून बोलले म्हणे. हात जोडून सांगितलं की भांडताही येत नाही.

मी अजून होकार दिलेला नाही. एकदा उठले की हिला उठवता येतं हे गावाला कळेल. मग लग्नाच्या दळणाला उठवतील, वास्तूच्या दळणाला उठवतील, आणि शेवटी मी पुन्हा मेघाच्या ओट्यावर येऊन बसेन. मला तिथं परत जायचं नाही, अक्का. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट लिहा.

सासूबाईंना नमस्कार आणि तुमच्या लेकीला, भूमिकाला आशीर्वाद. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची धाकटी जाऊ,
दिपमाला


शेवगे, ता. बोदवड
८ जुलै २०२५

चि. दिपमाला हिस,
अ. उ. आ.

गिरणीवाली झालीस, छान झालं. आता केस पांढरे व्हायला म्हातारपणाची वाट बघायला नको. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि चौथ्यांदा भूमिका आली तेव्हा तिला वाचायला लावलं. ती जळगावला नर्सिंगच्या वसतिगृहात असते, सुट्टीला आली होती. ती गेल्यापासून घर फार मोठं वाटतंय.

इकडे कपाशी बरी आहे. सासूबाईंचे गुडघे धरलेत, पण जीभ ठणठणीत आहे. म्हणजे असावी, कारण मला ती नुसती हलताना दिसते. जेवताना सगळे बोलतात आणि मी त्यांच्या तोंडांकडे बघत बसते. ते हसले की मीही हसते. मागे एकदा अशीच हसले आणि नंतर कळलं की माझ्याच भाजीला नावं ठेवणं चाललं होतं. यांना पूर्वी बायको बोलकी म्हणून त्रास व्हायचा. आता बोलावं लागत नाही म्हणून ते सुखात आहेत. दिवसच्या दिवस जातो आणि माझ्या नावानं कुणी हाक मारली का, हेही मला कळत नाही.

तू स्पष्ट लिही म्हणालीस म्हणून लिहिते. एक दिवस बाजूला बसलीस तर काही अंगाला भोकं पडत नाहीत. पाण्यात राहून माशांशी वैर कशाला? लताबाई चांगली बाई दिसते. तिच्या हातात किल्ली दे, दिवसभर झोप काढ आणि सोमवारी पुन्हा पट्टा चढव. मी या घरात पंचवीस वर्षं अशीच काढली. बाजूला सरकलं की लोक आपल्याला धरून राहतात, असा माझा अनुभव आहे.

रागावू नकोस. एकटीनं जेवतेस तर निदान ताक घेत जा. पत्राला उशीर लावू नकोस, पोस्टमन आला की त्याची चाहूल मला सायकलच्या सावलीवरूनच लागते.

तुझी आठवण काढणारी,
ज्योत्स्नाअक्का


चिंचखेडे
२० जुलै २०२५

ती. सौ. अक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. तुम्ही मोठ्या आहात, तुमचा अनुभव मोठा आहे. पण बाजूला सरकलेल्या माणसाला लोक धरून राहतात, हे मी तरी पाहिलेलं नाही. नवीनच्या तेराव्याला मी कोपऱ्यात सरकले, तेव्हा कुणी मला धरलं नाही. तुम्हीही नाही. माजघराच्या दारात तुम्ही उभ्या होतात, मला आठवतं.

गटाच्या बैठकीत मी किल्ली देणार नाही म्हणून सांगितलं. लताबाईंना वाईट वाटलं. त्या म्हणाल्या की कानबाईचं दळण पलीकडच्या गावी गेलं तर गिरणी बंद पडायला वेळ लागणार नाही, आणि मग सगळ्या जणी तुझ्या हट्टाला दोष देतील. खरं आहे ते. परवापासून गिरणीवर गर्दी कमी झालीय. माझ्याशी बोलताना बायका डब्याकडे बघून बोलतात.

जास्त लिहवत नाही. लोभ असेल तर असू द्यावा.

दिपमाला


चिंचखेडे
४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ज्योत्स्नाअक्का यांस,
दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

मागचं पत्र तुटक झालं, ते मनातून काढून टाका. काल कानबाई झाली, आज विसर्जन झालं. सगळं सांगते.

दगड धुऊन नीट वाळायला दिवस लागतात म्हणून मी गुरुवारीच गिरणी धुतली. रविवारी पहाटे न्हाले, दाराला आंब्याची पानं बांधली आणि उपाशी बसले. समोरच्या रस्त्यानं एकेक डबा पलीकडच्या गावाला जायला लागला. सायकलवरून, डोक्यावरून, कुणी मान खाली घालून, कुणी मुद्दाम मोठ्यानं बोलत. मग नवल मोटरसायकलवरून गेला. पुढं गव्हाची थैली होती. त्यानं समोर बघितलं, गिरणीकडं बघितलं नाही. लहानपणी ताप आला की हा माझ्या मांडीवर झोपायचा. अक्का, मला तिथंच कुलूप लावावंसं वाटलं.

तेवढ्यात भिकुबाई आली. गावातली सगळ्यात जुनी कानबाई हिच्या घरी बसते. चाळिशीच्या आत नवरा गेलेली बाई, आता पाठीतून वाकलीय. गव्हाचं टोपलं स्वतः कमरेवर घेऊन आली. लताबाई तिला समजवायला धावल्या, तर म्हणाली की मना बी कपाय कोरंच शे, तरी बठ्ठं गाव मना घरना परसाद खास, मंग या पोरनी काय चोरी करी? माझ्यासारखीच विधवा असून गाव तिच्या घरचा प्रसाद खातं, असं तिचं म्हणणं. दळण झाल्यावर ती घरी गेली नाही. टोपलं मांडीवर घेऊन गिरणीच्या दारात बसून राहिली. जाणारा प्रत्येक जण तिला बघत होता आणि तिला ओलांडून पुढं जायची कुणाची छाती होईना. खरं सांगायचं तर निम्म्या जणी भिकुबाईच्या धाकानं थांबल्या आणि निम्म्या पुढच्या चिखलाला कंटाळून. पण थांबल्या. वनाआबांची सूनसुद्धा डबा घेऊन आली. दुपारपर्यंत मला मान वर करायला फुरसत नव्हती. गिरणी वाचली, अक्का. लताबाई रडल्या आणि माझ्या गळ्यात पडल्या.

संध्याकाळी मी गिरणी बंद केली. घरोघरी रोट शिजत होते, गाणी चालू झाली होती. मी पायरीवर बसले आणि मग लक्षात आलं की यातला एकही रोट मला चालत नाही. प्रसाद सगळ्या गावाला, पण रोट फक्त त्या त्या कुळानं खायचा. लग्न होऊन गेलेली लेक परक्या कुळाची, म्हणून नवलच्या घरचा मला नाही. सासरचं कूळ तुमच्याकडे, ते घर मी सोडलेलं. सगळ्या गावाचं पीठ माझ्या अंगावर होतं आणि मी भाताला पाणी ठेवलं. मेघानं नंतर गंगाफळाची भाजी आणून ठेवली आणि गेली. नवलचं दळण मात्र पलीकडच्या गावचंच राहिलं.

मी तक्रार करत नाही. जिंकल्याचं पत्र लिहायला बसले होते, ते असं झालं. तुम्ही इथं असता तर निदान दोघींनी भात खाल्ला असता.

माया आहेच, ती पत्रातून दिसत राहू द्या.

तुमची,
दिपमाला


शेवगे
४ ऑगस्ट २०२५

चि. दिपमाला हिस,
अ. उ. आ.

तुझ्या गिरणीचं काय झालं ते मला अजून ठाऊक नाही आणि जीव टांगणीला लागलाय. तुझं तुटक पत्र मिळाल्यापासून मी माजघराच्या दारात उभी राहिले की मला तू कोपऱ्यात दिसतेस. यावर जास्त लिहीत नाही, जे केलं ते सांगते.

आपल्या घरी रोटाचे गहू कसे काढतात ते तुला माहीत आहे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. मामंजी होते, नवीन होता, तेव्हा परात भरायची. आता हे एकटेच. काल सासूबाई समोर बसल्या होत्या. मी यांच्या नावाची सव्वा मूठ काढली आणि पुन्हा हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं. ही कुणाची, असं विचारलं असणार. मी म्हटलं, दिपमालाची, ती या कुळाची आहे. मग त्या बराच वेळ बोलत होत्या. हेही आत आले, तेही बोलले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कानांचा मला उपयोग झाला. गहू परातीत पडले ते पडले, देवीच्या नावानं काढलेले गहू परत पोत्यात टाकायची कुणाची हिंमत नव्हती.

तुझा रोट मी वेगळा झाकून ठेवलाय. तो घराबाहेर नेता येत नाही आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा असतो. पौर्णिमा शनिवारी आहे. तू ये. धुळ्याहून चाळीसगाव, तिथून गाडीनं बोदवड. कळवायला वेळ नाही, कळवू नकोस. शनिवारी मी सकाळपासून स्टेशनवर असेन.

वाट बघणारी,
ज्योत्स्नाअक्का


चिंचखेडे
११ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ज्योत्स्नाअक्का यांस,
दिपमालाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज, सोमवारी मिळालं. पौर्णिमा होऊन गेली.

तुम्ही स्टेशनवर गेल्याच असणार. गाडीची सूचना तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणजे प्रत्येक गाडीला उठून उभ्या राहिल्या असाल, डब्या-डब्यात बघितलं असेल. संध्याकाळी घरी जाऊन तो रोट गायीला घातला असेल. कुणी काही विचारलं असेल तर हसल्या असाल. हे सगळं मला गिरणीत बसून दिसत होतं. मी भरल्या दुपारी गिरणी बंद केली आणि खोलीत जाऊन रडले. बाहेर बायका दार वाजवत होत्या, त्यांना वाजवू दिलं.

रोट मिळाला नाही याचं दुःख नाही. नवीन गेल्यापासून मला कुणी मोजलंच नव्हतं, अक्का. गावानं माझी गिरणी मोजली, मला तुम्ही मोजलंत. घरातल्या सगळ्यांच्या तोंडासमोर, तेही एकटीनं.

पण पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट लक्षात आली. तुम्ही भाऊजींच्या नावानं गहू काढलेत, माझ्या नावानं काढलेत, आणि थांबलात. पंचवीस वर्षं रोट तुम्ही रांधता आणि दुसऱ्याच्या नावाचे गहू खाता. तुमची मूठ कुणी काढायची?

पुढच्या श्रावणात पत्राची वाट बघणार नाही. कानबाईच्या आदल्या दिवशी गिरणीची किल्ली लताबाईंकडे मी माझ्या हातानं देईन आणि तुमच्याकडे येईन. सासूबाई मनगट धरतील तर धरोत. तुमच्या नावाची सव्वा मूठ मी काढणार आहे.

तोवर जपून राहा, आणि पत्र पाठवत राहा. या बाजूनं माया कमी पडणार नाही.

तुमच्या कुळाची,
दिपमाला